हे कोणी केले?

एखाद्या बालवाडीत चित्रकलेचा तास चालू आहे, अशी कल्पना करा. पाच वर्षांच्या एका मुलीने निळ्या तेलखडूने हत्ती काढला आहे. हत्तीच्या पाठीवर एक घर आहे आणि घराच्या खिडकीतून एक मांजर बाहेर पाहत आहे. शेजारचा मुलगा थोडा वेळ तिच्या कागदाकडे पाहतो आणि आपल्या कागदावर तसाच निळा हत्ती, तसेच घर आणि तसेच मांजर काढतो. बाई येतात, दोन्ही चित्रे पाहतात आणि दोघांचीही पाठ थोपटतात. मुलीला मात्र रडू कोसळते. "त्याने माझे चित्र घेतले," असे ती सांगते. बाई तिची समजूत घालतात, "अगं, तुझे चित्र तर तुझ्याच हातात आहे. त्याने कुठे घेतले?"

बाईंचे म्हणणे खोटे नाही आणि मुलीचेही खोटे नाही. पेन्सिल, पाटी किंवा खाऊचा डबा यांची मालकी मुलांना समजावून सांगणे सोपे असते. एकाने पेन्सिल उचलली की दुसऱ्याजवळ ती उरत नाही, आणि हे नुकसान डोळ्यांना दिसते. चित्र, गोष्ट, गाणे किंवा एखादी कल्पना यांचे तसे नसते. गोष्ट दुसऱ्याला सांगितली तरी ती सांगणाऱ्याजवळ शिल्लक राहते. मग नक्कल करणाऱ्या मुलाने नेमके काय नेले? 'हे मला सुचले, हे मी केले' असे म्हणण्याचा त्या मुलीचा जो अधिकार होता, तो गेला. खरे पाहता तो मुलाने नेला असेही म्हणता येणार नाही. बाईंनी दोघांची पाठ सारखीच थोपटली, त्या क्षणी तो गेला.

निर्मितीवरील हक्क हा विषय सामान्यतः वकील, प्रकाशक आणि चित्रपटनिर्माते यांचा मानला जातो. वस्तुतः त्याचे मूळ या बालवाडीतल्या रडण्यात आहे. दुसऱ्याच्या निर्मितीचा मान राखावयास मुलांना शिकवावयाचे असेल, तर कायद्याची कलमे किंवा 'चोरी करू नये' हा उपदेश यांपासून आरंभ करून चालणार नाही. मुलांच्या स्वतःच्या निर्मितीला आपण मोठी माणसे कसे वागवतो, येथूनच तो झाला पाहिजे.

'माझे' पासून 'तुझे' पर्यंत

साधारणपणे दोन वर्षांच्या सुमारास 'माझे' हा शब्द मुलाच्या तोंडी बसतो, आणि पुढे काही काळ जगातील बहुतेक वस्तूंना तो लागू होतो. वस्तू दुसऱ्याची असू शकते, ही समजूत त्यानंतर हळूहळू येते. कल्पनाही दुसऱ्याची असू शकते, ही समजूत त्याहूनही उशिरा येते. पण आपण समजतो तितकी ती उशिरा येत नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात स्वतःच्या कल्पनेने चित्र काढणारा आणि दुसऱ्याच्या चित्राची नक्कल करणारा, असे दोघे लहान मुलांना दाखवण्यात आले. पाच-सहा वर्षांच्या मुलांना नक्कल करणारा कमी आवडला. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत मात्र असा फरक दिसून आला नाही. म्हणजे जी जाणीव आपण शाळेच्या वरच्या वर्गांत शिकवू पाहतो, तिचा अंकुर पहिलीत येणाऱ्या मुलाच्या मनात आधीच फुटलेला असतो.

तथापि, जाणीव असणे आणि नियम समजणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गोट्या खेळणाऱ्या मुलांचे निरीक्षण नोंदवले आहे. लहान मुले खेळाचे नियम वडीलधाऱ्यांनी घालून दिलेले आणि म्हणून न बदलणारे मानतात, आणि तरीही खेळताना ते सर्रास मोडतात. दहा-अकरा वर्षांच्या सुमारास नियम म्हणजे खेळणाऱ्यांनी एकमेकांशी केलेला करार आहे, हे त्यांच्या ध्यानात येते, आणि तेव्हापासून ती नियम खऱ्या अर्थाने पाळू लागतात. यावरून आपणांस एक बोध घेता येईल. 'पुस्तकातले उतरवून काढणे वाईट' असे सहा वर्षांच्या मुलाला बजावले, तर ते मान डोलावील आणि दुसऱ्या दिवशी उतरवून काढील. परंतु 'तुझे चित्र कोणी आपले म्हणून दाखवले तर तुला कसे वाटेल?' या प्रश्नाचे उत्तर ते आपल्या अनुभवातून देऊ शकते.

कित्ता आणि नक्कल

येथे एक शंका उपस्थित होणे स्वाभाविक आहे. मूल तर अनुकरणानेच शिकते. अक्षर वळणदार व्हावे म्हणून आपण त्याला कित्ता गिरवावयास लावतो. संगीताचा विद्यार्थी गुरूच्या गळ्यातून निघालेली सुरावट जशीच्या तशी उचलतो. विणकराचा मुलगा बापाच्या मागावर बापाचेच नक्षीकाम शिकतो. मग नक्कल वाईट असे कोणत्या तोंडाने सांगावयाचे?

या शंकेचे उत्तर आपल्या प्राचीन साहित्यशास्त्रात सापडते. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथाच्या चौथ्या उद्योतात दोन काव्यांमधील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिले साम्य आरशातील प्रतिबिंबासारखे असते. त्यात स्वतःचे असे काहीच नसते. दुसरे साम्य एखाद्याच्या चित्रासारखे असते. बाह्य रूप थोडे बदललेले असले तरी त्यात प्राण नसतो. तिसरे साम्य दोन माणसांच्या देहांमधील साम्यासारखे असते. दोघांनाही दोन डोळे, एक नाक आणि दोन हात असतात, तरीही प्रत्येक जण वेगळा आणि जिवंत असतो. पहिली दोन साम्ये कवीने टाळावीत, तिसऱ्यात मात्र दोष मानू नये, असे तो म्हणतो. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात शब्द आणि अर्थ यांच्या हरणाची चर्चा आणखी विस्ताराने केली. कोणाकडूनही काहीच न घेता कोणी काही निर्माण करू शकत नाही, हे या आचार्यांनी गृहीतच धरले होते. घेतलेल्याचे आपण काय केले, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

ही तीन साम्ये दहा वर्षांच्या मुलालाही समजू शकतात. कित्ता गिरवणे हे प्रतिबिंब आहे, आणि शिकण्यासाठी ते आवश्यकही आहे; परंतु कित्त्यावरील अक्षर आपले म्हणून कोणी प्रदर्शनात मांडीत नाही. मूळ चित्र पाहून काढलेल्या चित्राखाली 'अमुक चित्रावरून' असे लिहिले की शिकणेही साधते आणि प्रामाणिकपणाही राखला जातो. बालवाडीतल्या त्या मुलाने निळ्या हत्तीच्या जागी निळा उंट काढून त्याच्या पाठीवर दुकान थाटले असते, तर त्याच्या चित्राला मुलीच्या चित्राचे भावंड म्हणता आले असते. कदाचित तिलाही मग रडण्याऐवजी हसूच आले असते.

निर्मात्याचे नाव निर्मितीबरोबर चालावे, हा विचारही आपणांस परका नाही. मराठी मुलगा अभंग ऐकता ऐकताच 'तुका म्हणे' आणि 'नामा म्हणे' हे शब्द उचलतो. जनाबाई स्वतःला 'नामयाची जनी' म्हणवते. हिंदी प्रदेशात कबीराचे नाव पदाच्या शेवटी येते, उर्दू गझलेच्या अखेरच्या शेरात कवीचे टोपणनाव गुंफलेले असते. कर्नाटकात बसवेश्वरांची वचने 'कूडलसंगमदेव' आणि अक्कमहादेवीची वचने 'चन्नमल्लिकार्जुन' या अंकितावरून ओळखली जातात. पुरंदरदासांच्या रचना 'पुरंदरविठ्ठल' या मुद्रेवरून आणि मुत्तुस्वामी दीक्षितांच्या कृती 'गुरुगुह' या मुद्रेवरून ओळखू येतात. छापखाना नव्हता, कायदा नव्हता, आणि रचना मुखोमुखी शेकडो कोस प्रवास करीत होती. अशा काळात कवीने आपले नाव रचनेच्या वस्त्रातच विणून ठेवले. गाणाऱ्याने ते गाळले तर चरणच मोडतो. भजनाला बसलेल्या मुलाला 'शेवटी हे नाव कशासाठी येते?' एवढे विचारले, तरी या विषयाचा पहिला पाठ पुरा होतो.

सर्वांचे आणि एकाचे

प्रत्येक निर्मितीला एकच धनी असतो, असा समज मात्र मुलांच्या मनात रुजू देता कामा नये. लबाड कोल्ह्याची गोष्ट, जात्यावरची ओवी, अंगाईगीत, दारापुढील रांगोळीची ठिपक्यांची मांडणी, ही सर्वांची ठेव आहे. ती कोणीही सांगावी, गावी, काढावी. परंतु पंचतंत्रातील गोष्ट सर्वांची असली, तरी एखाद्या लेखिकेने आपल्या शब्दांत सांगितलेली ती गोष्ट आणि एखाद्या चित्रकाराने तिच्यासाठी काढलेली चित्रे ही त्या दोघांची असतात. ती अन्य भाषेत नेणाऱ्या अनुवादकाचे शब्दही त्याचे स्वतःचे असतात. मुलांना पुस्तक वाचून दाखवताना आरंभी ही सगळी नावे मोठ्याने वाचावीत. पुस्तके आकाशातून पडत नाहीत, ती माणसे लिहितात, ही गोष्ट मुलाला अन्य कोणत्याही मार्गाने इतक्या सहज समजत नाही.

सर्वांचे आणि एकाचे यांतील हे नाते मिथिलेच्या चित्रकलेच्या इतिहासात स्पष्ट दिसते. बिहारमधील मधुबनीच्या परिसरात स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या घराच्या भिंतींवर चित्रे काढीत आल्या. भिंतीवर सही करण्याचा प्रश्नच नव्हता. चित्र घराचे असे आणि सण किंवा विवाह सरला की काळाच्या ओघात पुसले जाई. १९६६-६७ च्या दुष्काळात लोकांना उत्पन्नाचे साधन मिळावे म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाने या स्त्रियांना कागद पुरवला. या कामी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी गावोगाव हिंडले. चित्र कागदावर आले, गावाबाहेर गेले, आणि ते कोणाचे हा प्रश्न प्रथमच निर्माण झाला. त्यातूनच जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी यांची नावे देशाला माहीत झाली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारली चित्रांचीही कथा अशीच आहे. भिंतीवरील पांढऱ्या रेषांची ही कला सर्व समाजाची. परंतु जिव्या सोमा मशे यांच्या हाताची रेषा त्यांचीच होती. २०११ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. आज शाळांच्या भिंतींवर, पिशव्यांवर आणि भेटकार्डांवर वारली आकृत्या सर्वत्र दिसतात. त्या काढावयास मुलांना अवश्य शिकवावे. मात्र ही चित्रे कोण काढतात, कोणत्या प्रसंगी काढतात आणि त्यांतील चौक कशासाठी असतो, हेही त्याच तासाला सांगावे. एखाद्या व्यक्तीचा मान राखावयाचा तसाच समाजाचाही राखावयाचा असतो.

कायद्याचे दोन आधार

आपल्या देशात १९५७ चा लेखाधिकार कायदा जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याचा सर्व तपशील मुलांना सांगण्याचे कारण नाही. परंतु शिक्षकांना आणि पालकांना त्यातील काही गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या. साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली निवर्तले. त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपावयाचा होता, त्या सुमारास ही मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली. २००२ च्या आरंभापासून रवींद्रनाथांचे साहित्य सर्वांसाठी खुले झाले. म्हणजे कायदाही निर्मात्याला कायमची मालकी देत नाही. काही काळ ती त्याची असते, नंतर ती समाजाच्या ठेवीत जमा होते. अभ्यासासाठी, समीक्षेसाठी आणि वर्गातील अध्यापनासाठी वाजवी उपयोग करण्याची मुभाही कायद्याने दिली आहे. शिवाय हक्कासाठी नोंदणीची अट नाही आणि वयाचीही नाही. सहा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या कल्पनेने काढलेल्या हत्तीवर कायद्याच्या दृष्टीनेही तिचाच हक्क असतो.

याच कायद्याचे सत्तावन्नावे कलम आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. मोबदल्याचा हक्क विकून टाकल्यानंतरही लेखकाजवळ दोन अधिकार उरतात, असे ते सांगते. ही कृती माझी आहे, असे म्हणण्याचा अधिकार हा पहिला. आणि आपल्या कृतीची अशी मोडतोड, की जिच्यामुळे आपल्या नावाला बाध येईल, ती थांबवण्याचा अधिकार हा दुसरा. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या कादंबरीवरून 'समय की धारा' हा चित्रपट तयार झाला, तेव्हा कथेत केलेल्या बदलांविरुद्ध त्यांनी न्यायालयात दाद मागितली. चित्रपटाचे हक्क दिलेले असले तरी लेखिकेचे हे अधिकार संपत नाहीत, असे दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली स्पष्ट केले. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेले काशाचे भव्य भित्तिशिल्प १९७९ साली काढून गोदामात टाकण्यात आले आणि त्याची हानी झाली. शिल्पाचे पैसे त्यांना केव्हाच मिळालेले होते. तरीही ते लढले. २००५ साली न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

हे दोन्ही अधिकार मुलांना आपल्याआधी समजतात. 'हे मी केले' आणि 'माझे बिघडवू नका' ही दोन वाक्ये कोणत्याही बालवाडीत दिवसातून दहा वेळा ऐकू येतात.

वर्गात आणि घरी

आता आपण आपल्या वागणुकीकडे वळू. मूल चित्र काढते आणि बाई त्यावर आपल्या हाताने दोन रेषा ओढून हत्तीची सोंड 'बरोबर' करतात. पाहुणे येणार म्हणून आई घराची आवराआवर करते आणि चित्राचे कागद रद्दीत जातात. शाळेच्या प्रदर्शनासाठी वडील रात्री जागून पुठ्ठ्याचा किल्ला बनवतात आणि सकाळी त्यावर मुलाचे नाव लिहितात. किल्ल्याला बक्षीस मिळते. गाईडातील निबंध पाठ करून लिहिणाऱ्याला अधिक गुण मिळतात, आणि आपल्या आजोबांविषयी चार वेड्यावाकड्या ओळी लिहिणाऱ्याला 'अपुरे' असा शेरा मिळतो. या प्रत्येक प्रसंगी मूल काहीतरी शिकत असते. स्वतःच्या कामाला किंमत नाही, दुसऱ्याच्या कामावर आपले नाव घालता येते, आणि मोठ्या माणसांना ते चालते, असे ते शिकते. त्यानंतर त्याला आपण दुसऱ्याच्या निर्मितीचा आदर करावयास सांगतो, तेव्हा ते गोंधळते, यात नवल नाही.

उपाय साधे आहेत आणि त्यांना खर्च येत नाही. प्रत्येक चित्रावर मुलाचे नाव आणि तारीख असावी; लिहिता येत नसेल तर त्याने सांगावे आणि बाईंनी लिहावे. चित्र भिंतीवर लावण्यापूर्वी 'लावू का?' असे त्याला विचारावे, आणि त्याने नको म्हटले तर लावू नये. सुधारणा सुचवावयाची असेल तर ती वेगळ्या कागदावर काढून दाखवावी; मुलाच्या कागदाला हात लावू नये. चित्रे ठेवावयास एक जुनी पेटी किंवा चिकटवही पुरते.

थोड्या मोठ्या मुलांसाठी हस्तलिखिताचा जुना प्रघात फार मोलाचा आहे. वर्गाच्या हस्तलिखितात प्रत्येक लेखनाखाली लिहिणाऱ्याचे नाव असावे, आणि आजीकडून ऐकलेली गोष्ट असेल तर 'आजीने सांगितली' असे लिहावे. पुस्तकातून घेतलेल्या माहितीखाली पुस्तकाचे व लेखकाचे नाव यावे. १९८५ साली भोपाळहून सुरू झालेल्या 'चकमक' या हिंदी मासिकाने मुलांचे लेखन आणि चित्रे त्यांच्या नावानिशी छापण्याची प्रथा पाडली. छापील अक्षरांत आपले नाव पाहिलेले मूल दुसऱ्याचे नाव सहसा गाळीत नाही. आज मोबाइलवरून क्षणात चित्र उतरवून घेता येते, आणि यंत्राला सांगून निबंधही लिहून घेता येतो. साधने बदलली तरी मुलाला विचारावयाचे प्रश्न तेच आहेत : यातले तुझे काय आहे? दुसऱ्याचे काय आहे? त्याचे नाव तू सांगितलेस का?

आणि एखाद्या मुलाने नक्कल केलीच, तर? त्याला 'चोर' म्हणू नये; हा शब्द लहान मुलाला चिकटला की सहजासहजी सुटत नाही. बहुधा त्याला ते चित्र मनापासून आवडलेले असते, आणि आवडले हे सांगण्याचा दुसरा मार्ग त्याला माहीत नसतो. किंवा आपल्याला काही सुचणारच नाही, अशी त्याला भीती वाटत असते. नक्कल करणाऱ्या मुलाला नियमाइतकीच धीराचीही गरज असते.

बालवाडीतल्या त्या बाईंना दोन वाक्ये पुरली असती. मुलाला त्या म्हणाल्या असत्या, "तुला तिचा हत्ती आवडला ना? मग तिला तसे सांग, आणि आपल्या चित्राखाली तिचेही नाव लिहू या." आणि मुलीला त्यांनी विचारले असते, "याच्या हत्तीवर आता काय बसवावे, असे तुला वाटते?" चित्रे दोन राहिली असती, नावे दोन राहिली असती, आणि हत्ती कोणाला सुचला हे वर्गातल्या सर्वांना ठाऊक झाले असते. कायदे आणि न्यायालये हेच काम मोठ्या माणसांसाठी, पुष्कळ उशिरा आणि पुष्कळ खर्चाने करतात.